जपानचे माय नंबर कार्ड आणि मायना पोर्टल : एका मराठी रहिवाशाचे परीक्षण

जपानमध्ये निवासाचा दाखला रात्री दहा वाजतासुद्धा मिळतो आणि तो मिळवण्यासाठी दूध-पाव विकणाऱ्या कोम्बिनीतील झेरॉक्सच्या यंत्रापुढे उभे राहणे पुरेसे असते. यंत्राच्या पडद्यावर शासकीय सेवांचा पर्याय निवडायचा, ठरलेल्या जागी कार्ड ठेवायचे, चार आकडी संकेतांक टाकायचा आणि शुल्काची नाणी आत सोडायची, की साध्याच कागदावर, पण बनावट दाखला ओळखता यावा अशी विशेष छपाई असलेला ‘जुमिनह्यो’ हातात पडतो. ही सोय सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत उपलब्ध असते आणि अनेक नगरपालिकांमध्ये तिचे शुल्क खिडकीवरील शुल्कापेक्षा कमी असते. घर भाड्याने घेताना, गाडी नोंदवताना किंवा व्हिसाची मुदत वाढवताना हा दाखला लागतो, त्यामुळे नोकरीतून अर्धा दिवस रजा काढून वॉर्ड ऑफिसात जाण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या यंत्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

हे सारे ज्याच्या जोरावर चालते ते माय नंबर कार्ड, ज्याला बोलताना सगळे ‘मायना कार्ड’ म्हणतात, आणि त्या कार्डाने उघडणारे ‘मायना पोर्टल’ हे सरकारी संकेतस्थळ व अॅप, या दोन्हींचे हे परीक्षण आहे. टोकियोतील निशी-कासाई, योकोहामा आणि अन्यत्र राहणाऱ्या मराठी कुटुंबांत, विशेषतः नव्याने आलेल्या मंडळींत, ‘कार्ड काढावे का?’ हा प्रश्न वारंवार निघतो, म्हणून उत्तर आधीच देतो: काढावे. वस्तू म्हणून हे कार्ड उत्तम आहे, मात्र सेवा म्हणून ते अजून अर्धवट आहे. या दोहोंमधील अंतराचे मूळ जुन्या नोंदींच्या अव्यवस्थेत आणि ती अव्यवस्था निस्तरण्याआधीच सरकारने केलेल्या घाईत आहे.

कार्ड मिळवण्याची पद्धत सोपी आहे. जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद झालेल्या प्रत्येकाला, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसालाही, बारा आकडी क्रमांक पोस्टाने कळवला जातो. कार्ड मात्र ज्याने त्याने अर्ज करून घ्यायचे असते आणि कायद्याने ते ऐच्छिक आहे. अर्ज फोनवरून स्वतःचे छायाचित्र चढवून करता येतो, किंवा रस्त्याच्या कडेला असणाऱ्या छायाचित्राच्या खोक्यातूनही करता येतो. पहिल्या वेळी शुल्क नसते. कार्ड तयार झाल्याचे पत्र आले की वॉर्ड ऑफिसात स्वतः जाऊन ओळख पटवावी लागते आणि तिथेच संकेतांक ठरवावे लागतात.

या संकेतांकांबद्दल मात्र तक्रार करावीच लागेल. कार्डाच्या चिपमध्ये चार वेगवेगळ्या कामांसाठी चार संकेतांक असतात. त्यांपैकी तीन चार आकडी असून ते एकसारखे ठेवता येतात आणि चौथा, म्हणजे सही म्हणून वापरायचा, सहा ते सोळा अक्षरांचा असून त्यात इंग्रजी मोठी अक्षरे व अंक असे दोन्ही लागतात. चार आकडी संकेतांक सलग तीनदा चुकला की तो बंद होतो, मोठा पाच वेळा चुकला की बंद होतो. वर्षातून एकदा प्राप्तिकराचे विवरण भरताना जो संकेतांक लागतो, तो बाकीचे अकरा महिने लक्षात ठेवण्याची अपेक्षा ज्या कोणी केली, त्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना डोळ्यांपुढे आणले नव्हते. ही अडचण सरकारलाही पटली असावी, कारण २०२३ च्या डिसेंबरपासून संकेतांक नसलेले कार्डही मिळू लागले. ते दवाखान्यात आणि ओळखपत्र म्हणून चालते, पण त्याने पोर्टल उघडत नाही आणि कोम्बिनीतील दाखलाही निघत नाही.

भारतातून येणारा माणूस या कार्डाला जपानचे ‘आधार’ समजतो आणि तिथेच त्याची गल्लत होते. दोन्हींचे क्रमांक बारा आकडीच आहेत, पण साम्य जवळपास तिथेच संपते. आधारमध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा मध्यवर्ती कोठारात साठवलेल्या असतात आणि समोरच्या माणसाची ओळख त्यांच्याशी ताडून किंवा फोनवर आलेल्या ओटीपीने पटवली जाते. जपानने या कार्डासाठी ठसेही घेतले नाहीत आणि बुबुळेही टिपली नाहीत. इथे ओळख पटते ती चिपमध्ये साठवलेल्या इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्राने, आणि त्यासाठी कार्ड हातात असणे व संकेतांक डोक्यात असणे या दोन्ही गोष्टी लागतात. बारा आकडी क्रमांक स्वतः कोणतेही दार उघडत नाही. त्याचा वापर करप्रणाली, सामाजिक सुरक्षा आणि आपत्तिनिवारण या कामांपुरता कायद्याने बांधलेला होता आणि २०२३ च्या दुरुस्तीने तो थोडा वाढवला. कार्डाच्या पुढच्या बाजूला नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छायाचित्र असते, क्रमांक मागे असतो, आणि सोबत मिळणारे प्लास्टिकचे पाकीट नेमका तो क्रमांक आणि लिंगाची नोंद झाकते. आपल्याकडे लॉजवर उतरताना आधारची झेरॉक्स सहज मागितली जाते आणि आपणही ती सहज देतो. जपानमध्ये ओळखीसाठी पुढची बाजू दाखवावी, मागची बाजू मात्र करविषयक किंवा विम्याच्या कामाशिवाय कोणी मागू नये, असा नियम आहे.

माहितीही एका ठिकाणी ठेवलेली नाही. करखात्याची माहिती करखात्याकडे, निवृत्तिवेतनाची त्या संस्थेकडे आणि रहिवासी नोंद नगरपालिकेकडेच राहते. एका कार्यालयाला दुसऱ्याकडून काही हवे असेल तर मधल्या जाळ्यातून विचारणा होते, आणि त्या विचारणेत बारा आकडी क्रमांकाऐवजी प्रत्येक कार्यालयापुरते वेगळे सांकेतिक चिन्ह वापरले जाते. चिपमध्ये आपल्या उत्पन्नाची किंवा आजारांची माहिती नसते, त्यामुळे हरवलेले कार्ड सापडणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

एवढी काळजी घेण्यामागे जुनी भीती आहे. नागरिकांना सरसकट क्रमांक देण्याचा विचार जपानमध्ये १९७० च्या दशकातही पुढे आला होता, पण माणसाच्या पाठीवर नंबर लावण्याचा हा प्रकार आहे असा विरोध झाल्याने तो बारगळला. २००२ साली रहिवासी नोंदवह्या जोडणारे ‘जुकी नेट’ सुरू झाले तेव्हाही वाद झाला. फुकुशिमा प्रांतातील यामात्सुरी या लहान गावाने तर कित्येक वर्षे त्या जाळ्यात सामील व्हायचेच नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुकी नेट घटनेला धरून असल्याचा निकाल दिला, पण त्यासाठी काढलेले कार्ड जेमतेम पाच टक्के लोकांनी घेतले.

मतपरिवर्तन घडवले ते २००७ मध्ये उघडकीस आलेल्या निवृत्तिवेतनाच्या घोटाळ्याने. सुमारे ५ कोटी नोंदी कोणाच्या आहेत हेच सांगता येत नव्हते. लोकांनी आयुष्यभर हप्ते भरले होते, पण नोकरी बदलताना, लग्नानंतर आडनाव बदलताना किंवा कारकुनाने नाव चुकीचे उतरवताना नोंदींचे धागे तुटले होते. त्यानंतर क्रमांकाच्या बाजूने बोलणे राजकीयदृष्ट्या सोपे झाले. २०१३ मध्ये कायदा झाला, २०१५ च्या ऑक्टोबरपासून क्रमांक कळवायला सुरुवात झाली आणि २०१६ च्या जानेवारीत कार्डे वाटली जाऊ लागली. यावरही खटले झाले आणि २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनात्मक ठरवली.

तरीही २०२० पर्यंत बहुतेकांनी कार्डाकडे दुर्लक्षच केले होते. मग करोना आला आणि सरकारने प्रत्येक रहिवाशाला १ लाख येन द्यायचे ठरवले. अर्ज मायना पोर्टलवरून करता येईल असे जाहीर झाले, पण पोर्टलवर भरलेली माहिती नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीशी आपोआप ताडली जाण्याची सोयच नव्हती. एकाच कुटुंबाचे दोनदा अर्ज आले, नावे चुकली, खाते क्रमांक चुकले. कित्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन आलेले अर्ज छापून घेतले आणि नोंदवहीशी एकेक ओळ डोळ्यांनी ताडली. विसरलेले संकेतांक पुन्हा ठरवून घेण्यासाठी संसर्गाच्या दिवसांत लोकांनी नगरपालिकांत रांगा लावल्या. शेवटी काही नगरपालिकांनी ऑनलाइन अर्ज घेणे थांबवले आणि पोस्टाने अर्ज पाठवा असे सांगितले. त्याच सुमारास आरोग्य केंद्रे रुग्णांच्या नोंदी हाताने लिहून फॅक्सने पाठवत होती. तैवानमध्ये मात्र २०२० च्या फेब्रुवारीतच आरोग्य विम्याच्या कार्डावर औषधांच्या दुकानातून मास्कचे वाटप सुरू झाले होते. ही तुलना जपानी वृत्तपत्रांनी वारंवार केली आणि ती सरकारला झोंबली.

त्यातूनच १ सप्टेंबर २०२१ रोजी डिजिटल एजन्सी हे नवे खाते उभे राहिले. हांको, म्हणजे शिक्का, उमटवण्याची सक्ती बहुतेक सरकारी कामांतून गेली, आणि कोनो तारो या मंत्र्यांनी फ्लॉपी डिस्कविरुद्ध पुकारलेली मोहीम २०२४ मध्ये तडीस गेली. या फ्लॉपीच्या बातमीवर जगभर हसू झाले, पण नियमांमध्ये माध्यमाचे नाव लिहून ठेवण्याची खोड प्रत्येक सरकारला असते. आपल्याकडेही ‘तीन प्रतीत’ हा शब्दप्रयोग संगणक येऊन कित्येक वर्षे झाली तरी अर्जांतून गेलेला नाही. खरी जड बाजू वेगळी होती: देशातील १,७४१ नगरपालिका, गावे आणि टोकियोचे विशेष वॉर्ड यांपैकी प्रत्येकाने आपापली संगणक व्यवस्था स्वतंत्रपणे बनवून घेतली होती. त्या एका नमुन्यावर आणण्याचे काम २०२५-२६ या आर्थिक वर्षाअखेर संपवायचे ठरले होते, पण अनेक नगरपालिकांनी ते वेळेत होणार नसल्याचे आधीच कळवले. कार्ड चांगले असूनही एका वॉर्डात जे काम फोनवरून होते त्यासाठी शेजारच्या वॉर्डात खिडकीवर का जावे लागते, याचे कारण हे आहे.

जी गोष्ट सावकाश करायला हवी होती तिथे सरकारने लोकांना बक्षीस देऊन घाई केली. कार्ड काढणाऱ्याला खरेदीसाठी ‘मायना पॉइंट’ देण्यात आले, पहिल्या फेरीत ५,००० येनपर्यंत आणि २०२२ मधील दुसऱ्या फेरीत २०,००० येनपर्यंत. त्यांतला मोठा भाग कार्डाला आरोग्य विमा आणि बँक खाते जोडल्यावर मिळत असे. लोक झुंडीने आले, आणि २०२३ मध्ये त्याची फळे दिसू लागली. कोम्बिनीत भलत्याच माणसाचा दाखला छापला गेल्याची प्रकरणे निघाली. आरोग्य विमा दुसऱ्याच व्यक्तीच्या क्रमांकाला जोडल्याची प्रकरणे निघाली. पालकांनी लहान मुलांच्या नावापुढे स्वतःची खाती दिल्याची सुमारे १ लाख ३० हजार प्रकरणे निघाली. सरकारने साऱ्या जोडण्यांची फेरतपासणी केली आणि कोनो यांनी मंत्री म्हणून मिळणारे तीन महिन्यांचे वेतन परत केले. तपासणीअंती सुमारे ८.२ कोटी नोंदींमध्ये आठ हजारांहून थोड्या अधिक चुका आढळल्या. दर दहा हजारांमागे एक, म्हणजे प्रमाण अत्यल्प आहे. पण दुसऱ्याच्या औषधांची यादी स्वतःच्या नावावर दिसलेल्या माणसाला टक्केवारी सांगून उपयोग नसतो.

चुका यंत्राला का पकडता आल्या नाहीत, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण तिथे आपला, म्हणजे परदेशी माणसाचा, संबंध थेट येतो. जपानी माणसाचे नाव रहिवासी नोंदवहीत कांजीत, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांत, असते आणि बँकेतील खाते काताकानात, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या लिपीत, असते. एकाच कांजीचे उच्चार अनेक असल्याने एकावरून दुसरे निश्चित करता येत नाही, आणि नावाचा उच्चार कौटुंबिक नोंदवहीत लिहिण्याची कायदेशीर सोय २०२५ च्या २६ मेपर्यंत नव्हतीच. पत्त्यांचेही तसेच. एकाच घराचा पत्ता कोणी कांजी आकड्यांत लिहितो, कोणी आडव्या रेघा देऊन. परिणामी ‘खाते याच माणसाचे आहे का?’ हा साधा प्रश्न यंत्राला सोडवता येत नव्हता. आता आपल्या नावाचा विचार करावा. रहिवासी नोंदीत ते पासपोर्टप्रमाणे रोमन मोठ्या अक्षरांत, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट, लांबलचक येते. बँकेत ते काताकानात जाते, आणि तिथे ‘काळे’ मधल्या ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, दीर्घ स्वर कोणी दाखवतो आणि कोणी दाखवत नाही. ‘देशपांडे’ हे एकच आडनाव बँकेत एक, कंपनीच्या विम्यात दुसरे आणि नोंदवहीत तिसरे होऊ शकते. म्हणून नव्याने येणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पहिल्याच आठवड्यात आपल्या नावाचे काताकाना रूप ठरवावे, ते लिहून जवळ ठेवावे आणि बँक, कंपनी, फोन सगळीकडे अक्षरशः तेच द्यावे. पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच टळतात.

आता या कार्डाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वादग्रस्त उपयोग, म्हणजे आरोग्य विमा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जुने विमा कार्ड बंद करण्याची घोषणा झाली आणि २ डिसेंबर २०२४ पासून नवे देणे थांबले. जे कार्ड ऐच्छिक होते ते मागच्या दाराने सक्तीचे केले, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो मला योग्य वाटतो. लोकांनीही आपले मत वागण्यातून दाखवले. २०२४ च्या एप्रिलमध्ये दवाखान्यांत या कार्डाचा वापर साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता आणि जुने कार्ड बंद झाल्याच्या महिन्यातही तो चतुर्थांशाच्या आसपासच राहिला. ज्यांच्याकडे हे विमा-जोडणी असलेले कार्ड नाही, त्यांना ‘शिकाकू काकुनिन्शो’ नावाचे पात्रता-पत्र मिळते आणि तसे बघता ते जुन्या विमा कार्डाचाच दुसरा अवतार आहे. शिबुया आणि सेतागाया या टोकियोच्या दोन वॉर्डांनी तर राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या सर्वच सभासदांना ते पाठवायचे ठरवले, कारण खिडकीवरील गोंधळ निस्तरावा लागतो तो वॉर्डाला.

दवाखान्यातला प्रत्यक्ष अनुभव मात्र चांगला आहे. दाराशी एक छोटे यंत्र असते, त्यात कार्ड ठेवले की कॅमेरा चेहरा चिपमधील छायाचित्राशी ताडतो, नको असेल तर संकेतांक टाकता येतो. मग पडदा विचारतो, की पूर्वीची औषधे आणि आरोग्य तपासण्यांची माहिती डॉक्टरांना दाखवायची का. होकार-नकार दर वेळी आपला असतो. जपानी भाषेत औषधांची नावे सांगताना त्रेधा उडणाऱ्या माणसाला ही सोय कोणत्याही अनुवादकापेक्षा उपयोगी पडते, कारण डॉक्टरांसमोर यादी जपानीतच उघडते. दुसरा मोठा लाभ शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या खर्चाच्या वेळी दिसतो. जपानमध्ये उत्पन्नानुसार महिन्याच्या वैद्यकीय खर्चाला कमाल मर्यादा असते. ती रुग्णालयातच लागू व्हावी म्हणून पूर्वी विमा संस्थेकडून वेगळे प्रमाणपत्र आणावे लागत असे, नाहीतर आधी पूर्ण रक्कम भरून नंतर परतावा मागावा लागे. आता कार्ड दाखवले की मर्यादा आपोआप लागते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा कार्ड पाकिटात ठेवावे. यंत्र कधी नवे विमा कार्यालय ओळखत नाही, विशेषतः नोकरी बदलल्यानंतरच्या काही दिवसांत, त्या वेळी पोर्टलवरील विम्याच्या माहितीचे पान फोनवर उघडून दाखवता येते किंवा कंपनीकडून तात्पुरता कागद मागून घ्यावा.

मायना पोर्टलबद्दल दोन मते संभवतात. त्याची रचना कार्यालयीन आहे, सरकारी परिभाषा फार आहे, आणि कार्डाविषयीची माहितीपत्रके अनेक भाषांत मिळत असली तरी प्रत्यक्ष अर्ज भरायची वेळ आली की जपानी वाचता येणे आवश्यक ठरते. फोनवरचे भाषांतर अॅप ‘डिपेंडंट’ आणि ‘घरातील मुख्य व्यक्ती’ यांची सरमिसळ करते, म्हणून मुलांच्या भत्त्याचा किंवा पाळणाघराचा अर्ज एखाद्या जाणकाराला शेजारी बसवून भरलेला बरा. घर बदलल्यावर ‘येथून निघालो’ ही सूचना २०२३ च्या फेब्रुवारीपासून पोर्टलवरून देता येते, पण ‘येथे आलो’ हे सांगायला नव्या वॉर्डाच्या खिडकीवर जावेच लागते. अर्धी पायरी चढून थांबण्याचा हा स्वभाव पोर्टलभर दिसतो.

पण त्याच पोर्टलमध्ये एक पान असे आहे ज्यासाठी मी बाकीच्या सगळ्या त्रुटी पोटात घालायला तयार आहे. आपल्याविषयीची माहिती कोणत्या कार्यालयाने कोणत्या कार्यालयाकडे, केव्हा आणि कशासाठी मागितली, याची नोंद तिथे दिसते. आधारमध्येही आपली ओळख केव्हा पडताळली गेली याचा इतिहास पाहता येतो, हे मान्य. पण दोन सरकारी कार्यालयांमधील परस्पर देवाणघेवाण नागरिकाला अशी उघडून दाखवणे ही फार पुढची गोष्ट आहे. दुर्दैवाने हे पान इतके आत दडवलेले आहे, की बहुतेक जपानी सहकाऱ्यांना ते असल्याचेच ठाऊक नसते. निवृत्तिवेतनाच्या हप्त्यांची नोंद पाहण्याची सोयही उत्तम आहे. वैद्यकीय खर्च, फुरुसातो नोझेइची, म्हणजे आवडीच्या गावाला करसवलतीसह दिलेली, देणगी आणि आयुर्विम्याचे हप्ते यांचे आकडे कर विवरणात आपोआप उतरतात, त्यामुळे १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या विवरणाच्या हंगामात पावत्यांचे गठ्ठे सोडवावे लागत नाहीत. भारतातील आईवडिलांना पैसे पाठवून त्यांच्यासाठी करसवलत घेणाऱ्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. नात्याचा पुरावा, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि आपल्या महानगरपालिकेच्या दाखल्याचे जपानी भाषांतर हे सारे स्वतःच जुळवावे लागते. शिवाय २०२३ पासून ३० ते ६९ वर्षे वयाच्या नातेवाइकासाठी, अपंगत्व किंवा शिक्षण हे कारण नसेल तर, वर्षाला किमान ३ लाख ८० हजार येन पाठवलेले असावे लागतात.

फोनमधील आवृत्ती ही अलीकडची खरी प्रगती आहे. २०२३ च्या मे महिन्यात अँड्रॉइडवर प्रमाणपत्रे ठेवता येऊ लागली आणि २०२५ च्या २४ जूनला आयफोनच्या वॉलेटमध्ये कार्ड आले. बऱ्याच कामांत संकेतांकाऐवजी चेहरा किंवा बोट चालते, त्यामुळे वर उल्लेखलेली तक्रार बरीच कमी होते. सप्टेंबर २०२५ पासून सज्ज असलेल्या दवाखान्यांत फोनही चालू लागला, पण ते सगळीकडे नाही, म्हणून प्लास्टिकचे कार्ड अजून सोबत ठेवलेलेच बरे. वाहन परवाना कार्डात सामावून घेण्याची सोय २०२५ च्या मार्चपासून आहे. ती मी घेतलेली नाही, कारण एक कार्ड हरवल्यावर दोन्ही गोष्टी एकदम हरवाव्यात ही कल्पना मला मानवत नाही.

शेवटी मुदतीविषयी, कारण आपल्या लोकांची सर्वाधिक फसगत इथे होते. जपानी नागरिकाचे कार्ड, तो प्रौढ असेल तर, कार्ड मिळाल्यानंतरच्या दहाव्या वाढदिवसापर्यंत चालते आणि चिपमधील प्रमाणपत्रे पाचव्या वाढदिवसापर्यंत. परदेशी माणसाचे कार्ड मात्र बहुतेक व्हिसांच्या बाबतीत व्हिसाच्या मुदतीबरोबर संपते. व्हिसा वाढवून मिळाला आणि नवे झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचे निवास-परवान्याचे कार्ड, हाती आले, तरी मायना कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही. त्यासाठी जुनी मुदत संपण्याआधी वॉर्ड ऑफिसात वेगळे जावे लागते. व्हिसाचा निर्णय लांबला असेल, तर अर्ज केल्याचा पुरावा दाखवून दोन महिन्यांची तात्पुरती वाढ मिळते. ती न घेता तारीख उलटली, की कार्ड रद्द होते, १,००० येन शुल्क भरून नव्याने अर्ज करावा लागतो, आणि नवे कार्ड येईपर्यंत विम्यासाठी पात्रता-पत्र मागावे लागते. कुटुंबातील प्रत्येकाची, तान्ह्या मुलाचीसुद्धा, ही तारीख वेगळी तपासावी. दोन्ही कार्डे एकत्र करण्याची सोय करणारा कायदा २०२४ मध्ये संमत झाला आहे, पण एकत्रित कार्ड घेणे ऐच्छिक असेल, म्हणून घेतलेले नसेल तर दोन खिडक्यांच्या दोन तारखा सांभाळणे भाग आहे.

कायमचे भारतात परतताना वॉर्ड ऑफिसात निघाल्याची नोंद करतेवेळी कार्ड सोबत न्यावे. तिथे ते रद्द करून तशी नोंद केली जाते. बारा आकडी क्रमांक मात्र रद्द होत नाही. पुढे कधी पुन्हा नोकरी घेऊन जपानमध्ये आलात, तर नव्या पत्त्यावर तोच क्रमांक लागू होतो. म्हणून तो क्रमांक लिहिलेला कागद पासपोर्टच्या जुन्या प्रतींबरोबर जपून ठेवावा.